प्रकोप नसलेल्या वर्षांचा खर्च

२००२ च्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातील उसाच्या पानांखाली, कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी पुटे दिसू लागली. फडातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे कपडे पांढरे होत, पानांवर चिकट द्रव साचे आणि त्यावर काळी बुरशी वाढे. हा लोकरी मावा. देशाच्या ईशान्य भागात तो पूर्वीपासून माहीत होता. दख्खनच्या ऊस उत्पादकांसाठी मात्र तो सर्वस्वी नवा होता. कृष्णेच्या खोऱ्यात सांगली कोठे संपते आणि बेळगाव कोठे सुरू होते हे किडीला कळत नाही. त्याच वर्षी उत्तर कर्नाटकातील ऊसही या माव्याने गाठला.

त्यानंतरच्या दोन-तीन हंगामांची आठवण या पत्रिकेच्या अनेक वाचकांना असेल. दहा फूट वाढलेल्या, लोळलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे हे काम किती अवघड असते, ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. फवारण्या झाल्या, धुरळण्या झाल्या. परंतु लोकरी मावा आटोक्यात आला तो प्रामुख्याने त्याच्या शत्रूंमुळे. कोनोबाथ्रा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा परभक्षी कीटक, ही दोन नावे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. हेक्टरी एक हजार कोनोबाथ्राच्या अळ्या किंवा अडीच हजार मायक्रोमसच्या अळ्या सोडाव्यात ही शिफारस गावोगावच्या फलकांवर लिहिली गेली. पुढे एन्कार्सिया हा परोपजीवी कीटक आसामातून दक्षिणेत आणण्यात आला आणि येथे स्थिरावला. राहुरी आणि धारवाडची कृषी विद्यापीठे, पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बंगळुरूचे तेव्हाचे जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय या साऱ्यांचा त्यात वाटा होता.

ही यशोगाथा आपण अनेकदा सांगतो. तिच्यातील एक बाजू मात्र सांगायची राहून जाते. २००२ मध्ये प्रश्न उभा राहिला तेव्हा या माव्याचे नाव सांगू शकणारा, त्याच्या शत्रूंची ईशान्येकडील नोंद वाचलेला, सापडलेली अळी पतंगाची आहे हे ओळखून ती वाढवू शकणारा माणूस पगारावर हजर होता. त्याला त्या कामासाठी कोणी त्या वर्षी नेमले नव्हते. लोकरी माव्याचा प्रश्न महाराष्ट्रात अस्तित्वातच नव्हता, त्या काळात त्याच्या शिक्षणावर, संग्रहावर आणि प्रयोगशाळेवर खर्च झाला होता. या लेखाचा विषय तोच खर्च आहे.

मी गेली काही वर्षे बंगळुरूत कीटकशास्त्राचे काम करते. जैविक कीड नियंत्रणाच्या दृष्टीने या शहराला देशात वेगळे स्थान आहे. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र येथे १९५७ मध्ये सुरू झाले. १९७७ मध्ये जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आला, १९९३ मध्ये त्याचे प्रकल्प संचालनालय झाले, २००९ मध्ये ब्यूरो झाला आणि २०१४ पासून तो राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखला जातो. नावे बदलत गेली, पण साठ-पासष्ट वर्षे एकाच शहरात कीटकांचे नमुने टाचणीला लावणे, त्यांची नावे निश्चित करणे आणि उपयोगी कीटकांच्या वसाहती पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवणे हे काम अखंड चालू राहिले. या सातत्याची किंमत काय, ते पपईवरील पिठ्या ढेकणाने दाखवून दिले.

२००८ मध्ये कोइंबतूर भागात हा पिठ्या ढेकूण आढळला आणि दोन वर्षांत कर्नाटक, केरळ व महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. पपईच्या बागा तर गेल्याच. तुतीवरही तो आला. रेशीम उत्पादकांची कोंडी विचित्र होती: फवारावे तर रेशीमकिडे मरतात, न फवारावे तर पाला जातो. २०१० च्या जुलैमध्ये प्वेर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटकांच्या प्रजाती बंगळुरूला आणण्यात आल्या. विलगीकरणात त्यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या, मोड आलेल्या बटाट्यांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर हे कीटक वाढवण्यात आले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून ते शेतांत सोडण्यात आले. त्यांपैकी असेरोफॅगस पपाये हा तिळाच्या दाण्याहूनही लहान कीटक इतक्या जोमाने पसरला, की काही महिन्यांतच अनेक ठिकाणी फवारणीची गरज उरली नाही. या कार्यक्रमाच्या आर्थिक मूल्यमापनात पाच वर्षांतील लाभ ५० कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचे दिसते.

येथे एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. या असेरोफॅगसचा पैसा कोणी मिळवला? कोणीही नाही. एकदा सोडलेला कीटक स्वतःच वाढतो, स्वतःच शेजारच्या शेतात जातो आणि पुढच्या वर्षी विकत घ्यावा लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आणि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा दोष. कीटकनाशकाच्या बाटलीवर संशोधन करणाऱ्या कंपनीला दर हंगामात तो खर्च वसूल करता येतो. ‘या आठवड्यात फवारू नका’ हा सल्ला बाटलीत भरता येत नाही. म्हणून एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या गाभ्यातील संशोधन खासगी क्षेत्र करील ही अपेक्षा मला व्यवहार्य वाटत नाही. जैविक कीडनाशके, कामगंध सापळे अशा विकता येणाऱ्या घटकांवर ते करील, करतेही आहे आणि त्याचे स्वागत व्हावे. उरलेले काम सार्वजनिक निधीतून तरी व्हायला हवे, नाही तर शेतकऱ्यांच्या सामूहिक वर्गणीतून. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

सार्वजनिक निधी मुळीच नाही असे नव्हे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षण विभागासाठी ९,९४१ कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा मोठा वाटतो. पण देशाचा शेती संशोधनावरचा सार्वजनिक खर्च शेतीच्या एकूण उत्पन्नमूल्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास घोटाळतो. तो किमान एक टक्का असावा ही शिफारस जुनी आहे. त्यातही वेतन आणि निवृत्तिवेतन वजा केल्यावर प्रत्यक्ष प्रयोगासाठी, प्रवासासाठी, नमुने गोळा करण्यासाठी जे उरते ते फार थोडे असते. समन्वित प्रकल्पांतील कृषी विद्यापीठांच्या केंद्रांचा खर्च केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के या प्रमाणात उचलते. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. व्यवहारात दोन्ही हिस्से वेळेवर आणि एकत्र यावे लागतात आणि किडीचे वेळापत्रक आर्थिक वर्षाप्रमाणे चालत नाही. खरिपाचे सर्वेक्षण जूनमध्ये सुरू व्हायला हवे. त्यासाठीचा पैसा दिवाळीनंतर हाती पडला तर त्या वर्षीची कीड पाहायची राहून गेली, एवढेच.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सांगते. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तो कोठेही घडू शकला असता. तेथे तीन वर्षांच्या प्रकल्पातून आम्ही ट्रायकोग्रामाची वसाहत उभी केली होती. ट्रायकोकार्ड वापरणाऱ्या वाचकांना त्यामागची साखळी ठाऊक असेल: ज्वारीच्या भरड्यावर तांदळातील पतंग म्हणजे कॉर्सिरा वाढवायचा, त्याची अंडी गोळा करून कार्डावर चिकटवायची आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामाने आपली अंडी घालायची. या साखळीला सुट्टी नसते. रविवारी, दिवाळीत, संपाच्या दिवशीही कोणी तरी पतंग गोळा करावेच लागतात. प्रकल्प मार्चअखेर संपला. पुढचा मंजूर झाला होता, परंतु त्याचा पैसा यायला पाच महिने लागले. कंत्राटी सहायकाने दीड महिना बिनपगारी काम केले आणि मग त्याला दुसरी नोकरी धरावी लागली. त्याचा काय दोष? मे महिन्यात वसाहत मेली. ती स्थानिक शेतांतून गोळा केलेल्या, उन्हाळा सोसून टिकलेल्या ट्रायकोग्रामापासून तयार झालेली होती. नव्या प्रकल्पात आम्ही दुसरीकडून वसाहत मागवली आणि अहवालात काम पुन्हा सुरू झाल्याची नोंद केली. काय गमावले याची नोंद करण्यासाठी अहवालात रकानाच नव्हता.

वसाहत कोठलीही चालते, ट्रायकोग्रामा म्हणजे ट्रायकोग्रामा, असे वाटणाऱ्यांनी बंगळुरूची हवा आणि विदर्भाची हवा शेजारी ठेवून पाहावी. बंगळुरूचे तापमान वर्षातील बराच काळ कीटकसंवर्धनाला जणू मुद्दाम नेमून दिल्यासारखे असते. येथे पंखा लावून जे होते, त्यासाठी अकोल्याला यंत्रणा लागते. म्हणूनच पूर्वीच्या संचालनालयात अधिक तापमान सोसणाऱ्या ट्रायकोग्रामाच्या वाणावर काम झाले आणि एन्डोसल्फान सहन करणारा ‘एन्डोग्राम’ नावाचा वाणही विकसित झाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवरच बंदी आणल्यावर त्या वाणाचे प्रयोजन संपले हे खरे. पण प्रदेशाच्या परिस्थितीनुसार मित्रकीटक निवडता आणि घडवता येतो हे त्याने दाखवले. असे काम केवळ एका शहरात होऊन भागत नाही. परभणीचा उन्हाळा परभणीतच तपासावा लागतो.

आर्थिक नुकसानीच्या पातळीचेही तसेच. ही पातळी पिकाचा भाव, फवारणीची मजुरी, औषधाची किंमत, वाणाची सोशिकता आणि पिकाची अवस्था यांवर ठरते. यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट गेल्या वीस वर्षांत बदलली. तरीही विस्तार कार्यकर्त्यांच्या हातातील पुस्तिकांत अनेक पातळ्या आहेत तशाच छापल्या जातात. एखादा चौकस शेतकरी ‘हा आकडा आमच्या तालुक्यात कधी तपासला?’ असे विचारतो, तेव्हा कृषी सहायकाची होणारी अडचण मी पाहिली आहे. तो आकडा तपासण्याच्या प्रयोगाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन-तीन हंगाम, काही शेते, नियमित मोजणी करणारी माणसे एवढेच लागते. परंतु यात नवे काहीच नसल्यामुळे निधी देणाऱ्यांना असा प्रस्ताव आकर्षक वाटत नाही आणि तरुण शास्त्रज्ञाला त्यातून चांगला शोधनिबंधही मिळत नाही.

दोष निधी देणाऱ्यांचाच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आम्ही कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक व्यवस्थापनाच्या नावाखाली कितीतरी ‘मोड्यूल्स’ तयार केली, जी पाच-सहा मीटरच्या वाफ्यांत उत्तम चालली. उडत जाणारा परोपजीवी कीटक एका वाफ्यात सोडायचा, शेजारच्या वाफ्यात रसायन फवारायचे आणि दोन्हींची तुलना करायची, याला प्रयोग म्हणणे धाडसाचे आहे. प्रबंध होऊन गेले, पदव्या मिळाल्या, शेतकऱ्याने ती मोड्यूल्स स्वीकारली नाहीत आणि आम्ही ‘जागृतीचा अभाव’ हे कारण लिहिले. आठ घटकांची शिफारस पाळायला शेतकऱ्याकडे वेळ आणि मजूर आहेत का, हे विचारण्यासाठी त्याच्या शेतात पूर्ण हंगाम राहावे लागते. अधिक निधी मागताना तो अशा मोठ्या क्षेत्रावरच्या, गावपातळीवरच्या प्रयोगांसाठी मागितला पाहिजे.

संकट आल्यावर आपल्याकडे पैसा आणि यंत्रणा दोन्ही उभ्या राहतात, हेही मान्य केले पाहिजे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रकोप झाला आणि पुढच्याच वर्षापासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. कीड सर्वेक्षकांनी शेतात जाऊन मोजणी करावी, ती संगणकावर भरावी आणि पातळी ओलांडली तरच सल्ला द्यावा, ही त्याची पद्धत देशासाठी नमुना ठरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेल्यावर संरक्षक साधने, प्रशिक्षण, तपासणी यांवर भर आला. त्याच वर्षी गुलाबी बोंड अळीने कापूस खाल्ला आणि कामगंध सापळ्यांची मोहीम निघाली. हे सारे योग्यच झाले. पण या प्रत्येक वेळी खर्च झाला तो हाताशी आधीपासून असलेल्या ज्ञानाचा वापर करण्यासाठी. सर्वेक्षणाने प्रकोपाची वेळ कळते. त्यावर काय करायचे ते आधी कोणी तरी शोधून ठेवलेले असावे लागते.

नवीन लष्करी अळीचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्ग्याला ती मक्यावर आढळली; देशातील ती पहिली नोंद. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. या परदेशी अळीवर आपल्याकडे काहीच संशोधन असणे शक्य नव्हते. तरीही काही महिन्यांतच तिच्यावर जगणाऱ्या स्थानिक परोपजीवी कीटकांची यादी प्रसिद्ध झाली, कारण त्यांना ओळखू शकणारे वर्गीकरणतज्ज्ञ बंगळुरूत होते. आणि पावसाळी हवेत शेतकऱ्यांना मक्याच्या पोंग्यात ताठ झालेल्या, आधी पांढऱ्या व मग फिकट हिरव्या दिसणाऱ्या अळ्या सापडू लागल्या. तो नोमुरिया, म्हणजे आताच्या नावाने मेटारायझियम रिलेयी. सोयाबीन आणि भुईमुगावरील तंबाखूच्या पाने खाणाऱ्या अळीसाठी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात या बुरशीवर कितीतरी आधीपासून काम चालू होते. ते काम सुरू करणाऱ्यांनी नवीन लष्करी अळीचे नावही कोणत्या प्रस्तावात लिहिले नव्हते. लिहिता आलेच नसते. आज प्रस्तावाच्या नमुन्यात ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ या रकान्यात तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष आधीच मागितले जातात. त्या रकान्यात बसेल एवढेच संशोधन केले असते तर २०१८ मध्ये आपले हात रिकामे असते.

मग पैसा कोठून यावा? सारे काही दिल्लीवर सोडू नये असे माझे मत आहे. ऊस उद्योगाने एक वाट दाखवली आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये उभी राहिली आणि सदस्य कारखाने गाळपाच्या प्रत्येक टनामागे तिला वर्गणी देतात. शेतकऱ्याला ती रक्कम जाणवत नाही. संशोधनाला मात्र तिचा भरवसा वाटतो, कारण ती दरवर्षी येते. लोकरी माव्याच्या वेळी उसाला एवढा जलद प्रतिसाद मिळाला आणि सोयाबीन किंवा तुरीला असा मिळत नाही, यामागे हेही एक कारण आहे. द्राक्ष बागायतदारांनीही संघटना बांधून संशोधनाला हातभार लावला. सोयाबीन, तूर, मका ही पिके विखुरलेली आहेत, त्यांचा कारखाना नाही, त्यामुळे वर्गणी गोळा करणे अवघड आहे हे मला मान्य आहे. तरीही मोठ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना, प्रक्रिया उद्योगांना आणि बाजार समित्यांना क्विंटलमागे काही पैसे या कामी देणे अशक्य नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सापळे आणि औषधे वाटली जातात. त्यातील लहानसा वाटा मित्रकीटकांच्या वसाहती सांभाळणाऱ्या दोन माणसांच्या कायम वेतनासाठी ठेवला, तर तो वाटप केलेल्या सापळ्यांपेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी या बाबतीत तरी एकत्र यावे असे बंगळुरूत बसून फार वाटते. ऊस, तूर, डाळिंब, द्राक्ष, मका ही पिके सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच आहेत, किडीही त्याच. धारवाडच्या शेतातील निष्कर्ष जतच्या शेतकऱ्याला राहुरीतील निष्कर्षाइतकाच, कदाचित अधिक, लागू पडेल. पण तो कन्नडमध्ये छापलेला असतो आणि जतपर्यंत पोहोचत नाही. मराठीत छापलेला अथणीला पोहोचत नाही. दोन राज्यांच्या विद्यापीठांनी मिळून कृष्णा खोऱ्यासाठी एक सामायिक कीड-व्यवस्थापन कार्यक्रम आखला, तर दोघांचाही खर्च कमी होईल. एका राज्याने केलेल्या खर्चाचा लाभ दुसऱ्याला फुकट मिळतो, ही जी नेहमीची शंका घेतली जाते, तिचेही त्यात उत्तर आहे.

या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेक जण कृषी विज्ञान केंद्रांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीवर किंवा ‘आत्मा’च्या समित्यांवर आहेत. तेथे वर्षाचा आराखडा मांडला जातो तेव्हा प्रात्यक्षिकांची आणि प्रशिक्षणांची संख्या विचारली जाते. येत्या बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारून पाहावेत. आपल्या जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डाची मूळ वसाहत कोठून आली? ती सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या शीर्षातून आणि कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे? आणि आपल्या मुख्य पिकाच्या मुख्य किडीची नुकसानीची पातळी या जिल्ह्यात शेवटची कोणत्या वर्षी तपासली? मिळालेली उत्तरे, ‘माहिती उपलब्ध नाही’ हेसुद्धा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.